एस्टीने फिरणारा खंड्या

"हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाय," महिपत म्हणाला, "पण पटेल असंच सांगायला मी काय तलाठी आहे?"

पर्‍याच्या म्हणजे गावच्या ओढ्याच्या काठावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून म्हातारा जेसीबीच्या तोंडासमोर बसला होता. गळ्यात कॅमेरा, मांडीवर छत्री. पाठीमागे लाल मातीची दरड आणि दरडीत मुठीएवढं बीळ. त्या बिळात खंड्याची पिल्लं होती. ग्रामसभेत उभं राहून त्याने हे सांगितलं होतं; पिल्लं उडेपर्यंत, आठवडाभर, संरक्षक भिंतीचं काम थांबवा म्हणाला होता. सगळे पोट धरून हसले. तेव्हाच त्याने ठरवलं, यापुढे खरं बोलणं वाया घालवायचं नाही.

जेसीबीवर नितेश होता, देवरूखकडचा. इंजिन बंद, पण हात किल्लीवर.

"आबा, उठा. काम उरकायचंय मला."

"उठतो. आधी हा बघ." महिपतने कॅमेरा पुढे केला. होडीच्या दोरावर निळाशार खंड्या. "हा बुरोंडीला. हा मुरुडला. आणि हा इथे, आमच्या पर्‍यावर. तिन्हीकडे तोच."

"एकच पक्षी?"

"एकच. मी एस्टीत, हा टपावर. दापोलीला मी गाडी बदलतो, हाही बदलतो. एकदा कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट? तर याने खाली येऊन त्याच्या हातावर मासा ठेवला. कंडक्टरने अर्धं तिकीट फाडलं."

"अर्धं का?"

"उंची बघून."

नितेश हसला. महिपतला जोर चढला.

"बुरोंडीत होडीचा तांडेल अडूनच बसला, पक्षी ठेवून जा म्हणून. हा चोच करील तिकडे जाळं टाकायचं, होडी बुडेल एवढा बांगडा. मी म्हटलं, मेल्या, हा आमच्या पर्‍याचा राखणदार आहे, तुला कसा देऊ?"

नितेशचं हसू थांबलं. राखणदार म्हणजे जागा राखणारा देव; त्याच्या जागेत गाऱ्हाणं घालून परवानगी मागितल्याशिवाय कुदळ मारायची नाही, हे त्याच्या गावातही चालत आलेलं.

"मग नारळ ठेवू," तो म्हणाला. "केबिनमध्ये आहे एक. गाऱ्हाणं तुम्ही घाला आणि खुर्ची उचला."

ही पळवाट महिपतच्या ध्यानातच आली नव्हती. त्याने खुर्ची उलट हातभर पुढे सरकवली.

"नारळावर भागत नाय. तो स्वतः येऊन तुझ्या बकेटवर बसला पायजे. बसला तर खोद. नायतर मागे फिर."

माणसाची नुसती चाहूल लागली तरी खंड्या उडतो, हे इतक्या वर्षांच्या फोटोंनी त्याला शिकवलं होतं. तो निर्धास्त होता.

पर्‍यावरून एक निळी रेघ आली आणि थेट बकेटच्या दातावर टेकली. चोचीत मासा.

 महिपतचा हात सवयीने कॅमेऱ्याकडे गेला, फोटोही निघाला.

"बसला, आबा."

"पाठ करून बसला. ते धरत नाय."

खंड्या उडाला आणि बिळात शिरला. आतून बारीक किलबिल उठली. तेवढ्यात त्याच दातावर दुसरा येऊन बसला, त्याच्याही चोचीत मासा.

नितेशने एकदा त्या पक्ष्याकडे पाहिलं, एकदा दरडीकडे, आणि मग बराच वेळ म्हाताऱ्याकडे. किल्ली काढून त्याने खिशात टाकली.

"आबा, एस्टीने फिरणारा एकच ना? मग हा दुसरा कुठल्या गाडीने आला? खोटं बोलताय तुम्ही. राखणदार नाय नि काय नाय, आत पिल्लं आहेत."