सात बियांचं ड्रेसिंग

सासू घरी राहायला आली म्हणून ज्यांचं वजन वाढलं, असे जावई जगात मोजके. आमचा ड्रेसर त्यातला एक. इस्पितळाच्या ड्रेसिंगच्या खोलीत एकतीस वर्षं जखमा धुऊन तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्याजवळ भरपूर गोष्टी होत्या आणि ऐकायला कुणी नव्हतं. बायकोला त्या सगळ्या पाठ होत्या. 'खिळा' एवढं म्हटलं तरी ती 'कळलं' म्हणून स्वयंपाकघरात जायची. सासूबाई मात्र कमरेच्या ऑपरेशननंतर दोन महिन्यांसाठी आल्या आणि खुर्चीत बसून प्रत्येक गोष्टीला "मग?" म्हणू लागल्या. त्या 'मग?'वर ड्रेसर अक्षरशः लट्टू झाला.

दोन महिने संपले. परसदार असलेलं त्यांचं घर विकून झालं होतं आणि आता त्यांनी कुठं राहायचं, हा प्रश्न होता. धाकटा मुलगा न्यायला तयार होता. लेक म्हणत होती, इथंच राहा. सासूबाईंनी पदराच्या गाठीतून चौदा बिया काढल्या. परसातल्या दुधीच्या, पाच वर्षांपूर्वीच्या.

"तुमच्या घरी हे बी उगवलं तर राहीन," त्या म्हणाल्या. "नाही उगवलं तर इथली हवा मला मानवायची नाही. मग धाकट्याकडे."

पहिल्या सात बिया त्यांनी स्वतः गॅलरीतल्या कुंडीत टोचल्या. बारा दिवस झाले तरी कुंडी ढिम्म. धाकट्याचा फोन आला, रविवारी गाडी घेऊन येतो.

ड्रेसरची झोप उडाली. बायकोनं मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "अहो, बी जुनं असलं की हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यात भिजवतात म्हणे. कवच मऊ पडतं, बुरशी मरते. वाटीभर पाण्यात चमचाभर, अर्धा तास. मग धुवायचं आणि ओल्या कापडात ठेवायचं."

"पेरॉक्साइड मला शिकवतेस?" ड्रेसर म्हणाला. त्याच्या कपाटात जखमा धुवायची ती तपकिरी बाटली कायम असे. लोक देवाचा फोटो ठेवतात तशी.

उरलेल्या सात बिया मागून घेऊन सोमवारी सकाळी त्यानं भिजवल्या. बियांच्या कडेनं बारीक बुडबुडे धरले, तेव्हा सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "थोडं झोंबेल हं." अर्ध्या तासानं धुतल्या, ओल्या गॉजमध्ये गुंडाळल्या आणि ती ताटली कपाटात ठेवून दिली. सासूबाईंना काही सांगितलं नाही. रविवारी सगळ्यांसमोर उघडायचं, असं त्यानं ठरवलं होतं. आयुष्यात त्याला टाळ्या अशा कधी पडल्याच नव्हत्या.

शुक्रवारी त्यानं गॉज उलगडलं. सातही बियांना पांढरी, तांदळाएवढी टोकं फुटली होती.

इथं एखादा माळी असता तर त्यानं त्या लगेच मातीत टाकल्या असत्या. पण हा ड्रेसर. पांढरी, नाजूक, नवी कातडी दिसली की काय करायचं, हे त्याच्या हातांना डोक्यापेक्षा आधी कळायचं. त्यानं प्रत्येक बी अलगद टिपून कोरडी केली, कोरड्या गॉजमध्ये बांधली, वर चिकटपट्टी लावून तारीख घातली. आणि अठ्ठेचाळीस तास कुणी हात लावायचा नाही, असं स्वतःलाच बजावून कपाट बंद केलं.

रविवारी धाकटा आला. बॅग दाराशी होती. ड्रेसरनं ताटली आणली आणि घसा खाकरून एकेक पट्टी सोडली.

सात वाळलेल्या बिया. प्रत्येकीच्या टोकाला तपकिरी सुतळीचा तुकडा.

बायको म्हणाली, "अहो, पेरॉक्साइडनंतर ओलं कापड म्हटलं होतं ना मी?"

"ओली राहिली तर चिघळते," ड्रेसर पुटपुटला. मग त्यालाच ऐकू आलं, आपण काय बोललो ते. तो खाली बसला. "मी मारल्या, आई. शुक्रवारी चांगल्या होत्या."

"दाजी, पेशंट दगावले म्हणायचे," धाकटा म्हणाला आणि बॅग उचलली. "चल आई."

सासूबाईंनी एक बी तळहातावर घेतली. नजर अधू, म्हणून अंगठ्याच्या नखानं त्या टोक चाचपत राहिल्या. दुसरी घेतली, तिसरी घेतली. सातही बघून झाल्यावर म्हणाल्या, "ठेव ती बॅग."

"का?"

"उगवलंय हे."

"आई, मेलंय ते."

"मरायला आधी उगवावं लागतं. मी काय म्हटलं होतं? उगवलं तर राहीन. वेल मांडवावर चढवून दाखवा, असं म्हटलं होतं का मी?"

धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं छताकडे.

"आपल्या जुन्या घराच्या शेजारणीला मी दरवर्षी मूठभर बी द्यायची," सासूबाई धाकट्याला म्हणाल्या. "पुढच्या खेपेला तिच्याकडून मागून आण. चांगलं वीस-पंचवीस आण. यांचा हात बसेपर्यंत काही जातील."

मग त्या जावयाकडे वळल्या. तो अजून खालीच बसला होता आणि सुटलेल्या पट्ट्यांची उगाच घडी घालत होता.

"जावईबापू, औषध तुमचं गुणाचं आहे. पण यापुढं मला दाखवल्याशिवाय पट्टी बांधायची नाही."

एकतीस वर्षांत हे वाक्य त्याला तीन बड्या सर्जनांनी सुनावलं होतं आणि तिघांशीही त्यानं जन्माचा अबोला धरला होता.

"बरं," ड्रेसर म्हणाला.