पिवळी तार

निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी.

आकांक्षाची कुंभार पिंपळगावहून सकाळची पहिली एसटी.

काचेच्या तारेचा तुकडा जमिनीवर पडला तर सापडत नाही. पायात सापडतो.

प्रशिक्षण केंद्राचं स्टोअर सांभाळणारे बद्रीनाथकाका चहाचा कप डाव्या हाताच्या तीन बोटांनी धरतात.

आज ऑप्टिकल फायबरच्या तारा जोडण्याची शेवटची परीक्षा. पास होणाऱ्यांतल्या पहिल्याला हैदराबादच्या डेटा सेंटरमध्ये नोकरी.

आकांक्षाने बारा रंगांच्या बाराही तारा जोडल्या आणि तपासायला यंत्र लावलं. यंत्र तारेत प्रकाश सोडतं आणि पडद्यावर रेघ काढतं. तार कुठे दबली असेल, तर तिथे रेघ पायरीसारखी खाली येते आणि टेबलापासूनचं अंतर दिसतं. सराव परीक्षेत आकांक्षा घाबरून तार चिमटीत धरून बसली होती. तेव्हापासून जगन्नाथ सर तिला चिमटेबाई म्हणतात.

आठ तारा सरळ आल्या. नववी, पिवळी.

१,२०५ मीटर. १,२१० मीटर.

दोन पायऱ्या. मध्ये पाच मीटर, म्हणजे तार गुंडाळलेल्या ड्रमवरचा एक वेढा. दोन किलोमीटरचा तो ड्रम भिंतीपलीकडे स्टोअरमध्ये होता.

"चिमटेबाई, बोट काढा," सर म्हणाले.

"सर, माझे हात वर हायेत."

पप्पू हसला. पुढचा नंबर त्याचा होता. सरांनी पुन्हा मोजायला सांगितलं.

६४० मीटर. ६४५ मीटर.

आता पप्पू हसला नाही. सरांनी स्टोअरमध्ये जाऊन ड्रम पाहिला. त्याला कुणी हात लावलेला नव्हता. परत आल्यावर त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि सांगितलं की आणखी दोनदाच मोजता येईल, नियम सगळ्यांना एकच.

४० मीटर. ४५ मीटर.

ड्रम संपून टेबलाकडे येणारी तार इथून सुरू होते. आकांक्षाने तार सोडून दिली होती, तरी ती टेबलावर किंचित ताणलेली दिसत होती. धरल्यासारखी.

दारात बद्रीनाथकाका चहा घेऊन उभे होते. ट्रे उजव्या हातात. डाव्या हाताला सकाळपासून मुंग्या येऊन राह्यल्यात, असं ते सरांना सांगत होते. तो हात पुढे आला होता, आणि अंगठा हवेत कशावर तरी दाबलेला होता. समोर बोटं नव्हती.

आकांक्षा त्या हाताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, सोडा ना. माझी परीक्षा हाय."

काकांनी हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याचा होता. अंगठा उघडला. टेबलावरची तार सैल पडली.

तिने शेवटच्या वेळी बटण दाबलं. रेघ दोन किलोमीटर सरळ गेली.

सरांनी पिवळीपुढे पास लिहिलं. बाकीच्या तीन तारांचं मोजमाप बघताना त्यांनी यंत्राला हात लावला नाही.

जून महिन्यात हा ड्रम ट्रकमधून उतरवताना बद्रीनाथकाकांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती.