दाराआडचा अर्थिंगचा दांडा

मित्रांनो, अंगणाच्या कडेला ठेच लागावी एवढेच ज्याचे डोके वर दिसते, तो अर्थिंगचा जुना दांडा मी. अंग पोलादाचे, वर तांब्याचा मुलामा. नवा होतो तेव्हा असा झळकत होतो की दुकानदार येताजाता मला पुसून ठेवी.

मला विकत आणले ते रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका ताईने. तिला एकच वेड होते, घरी वीज चमकवून दाखवायची! त्यासाठी तिने तारेचे वेढ्यावर वेढे घालून मोठी कॉइल बनवली होती. असल्या यंत्राची वीज जमिनीत उतरवायला मी हवाच. पण मला ठोकायचा तिला कंटाळा. मी दाराआड धूळ खात पडलो आणि तिने तार सरळ स्वयंपाकघराच्या नळाला बांधली.

तिचे बाबा दारातून डोकावले. "अगं, याला काही अर्थ आहे का?"

ताई कामात गढलेली. "आहे ना बाबा! नळाला जोडलाय."

बाबा पोट धरून हसले आणि हसतहसतच पाणी प्यायला गेले. मला मात्र हसू येईना. जमिनीखालचा पाइप प्लंबरने नुकताच प्लास्टिकचा करून दिला होता. उरलेला तुकडा माझ्याच शेजारी पडला होता. विजेला खाली जायला वाटच नव्हती. ताईने बटण दाबले, बाबांनी तोटीला हात लावला आणि त्यांच्या हातातला पेला खणकन पडला.

जिवावर बेतलेले बोटांवर निभावले.

"आजच भंगारात घालते हे!" ताई रडत म्हणाली.

बाबा भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत होते. "भंगारात कशाला? मशीन नाही चुकलं, जागा चुकली. चल, मी धरतो, तू हातोडा मार."

त्यांनी मला घरापासून दूर, ओलसर मातीत ठोकले. डोक्यावर घाव बसत होते आणि खरे सांगतो, मला बरे वाटत होते. कॉइल अंगणात आली. जांभळ्या ठिणग्या फुटल्या की पोरे टाळ्या पिटत. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे.

मग वर्षे गेली. यंत्र झाकून ठेवले गेले, माझी माती वाळून खडखडीत झाली. परवा शेजारची मुले हट्टाला पेटली, तशी ताईने कॉइल बाहेर काढली. ती बटणाकडे हात नेणार, एवढ्यात बाबा म्हणाले, "थांब गं." गुडघे धरत ते माझ्याजवळ वाकले आणि तार जरा ओढून पाहिली. ती अलगद त्यांच्या हातात आली. ताई तार आवळायला पाना आणायला आत धावली.

मित्रांनो, माझे कौतुक नको. पण बटणाला हात लावण्याआधी एकदा माझ्यापर्यंत या. तार घट्ट आवळा, माती ओली करा. दरवेळी कोणाचे तरी बाबा वेळेवर "थांब" म्हणतीलच असे नाही.