फक्त गाठीपुरतं

नवऱ्याची डावी किडनी गाठीसकट काढली, तेव्हापासून सून मुकाट्यानं बोलणी खात होती. सासूबाईंच्या मते सगळा दोष तिच्या हातच्या मिठाचा. "सांगून सांगून जीभ झिजली माझी," भेटायला येईल त्याला त्या ऐकवायच्या. सून दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, तिथून थेट हॉस्पिटल गाठायची. भांडायला अंगात त्राणच नव्हतं.

मग गाठीचा रिपोर्ट आला. तिथल्या पेशींमध्ये तिसऱ्या गुणसूत्राचा एक तुकडाच गायब होता. नवरा चाळिशीच्या आतला, म्हणून हा बिघाड जन्मापासूनचा आहे का ते बघायला डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्तही तपासायला पाठवलं.

"गुणसूत्र म्हणजे काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आईबापाकडून मिळतात ती. अर्धी तुमची, अर्धी बाबांची," सून सहज बोलून गेली.

त्यानंतर मिठाचं नाव निघालं नाही. सासूबाईंचं जेवणावरचं लक्षच उडालं. घरी परतलेल्या लेकाच्या खोलीत जायच्या, पण दाराशीच घुटमळून परत फिरायच्या. सुनेला आधी बरं वाटलं, खोटं कशाला? पुढे मात्र ते बघवेना.

"माझ्याच पोटातून घेऊन आला तो हे," एकदा कपडे वाळत घालताना सासूबाई पुटपुटल्या.

रक्ताचा रिपोर्ट आणायला सून त्यांना बळेच घेऊन गेली. "तुम्हीच विचारा, आई. माझ्या सांगण्यानं तुमचं समाधान व्हायचं नाही."

"रक्तातली गुणसूत्रं शाबूत आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बिघाड फक्त गाठीत. तिथल्या एका पेशीत कधीतरी तुकडा गळाला, नि तिचीच पिलावळ वाढत गेली. तुम्ही दिलंत ते धडधाकट होतं, आजी."

"आणि मिठानं?" सुनेकडे न बघता सासूबाईंनी विचारलं.

"मिठानं गुणसूत्र तुटत नाही हो."

बाहेर बाकावर बसून त्या पोटभर रडल्या. सुनेनं पाण्याची बाटली पुढे केली.

"एवढं ऐकून का घेतलंस?"

"तुम्हाला कुणावर तरी चिडायचं होतं. मी हाताशी होते."

"उलटून बोलायचंस की."

"ते राहूनच गेलं," सून म्हणाली, आणि दोघींना एकदमच हसू आलं.

नवरा पुढे कामावर जाऊ लागला. दर तपासणीच्या आधी घरात सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो. पण त्या दिवशी सासू-सून एकमेकींना सोडत नाहीत.