धाकटीचं म्हणणं

थोरली आयुष्यभर धाकटीचं बोलणं पाखडून, निवडून लोकांपुढे ठेवत आली होती. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिचं सगळं बोलणं हातांनी, आणि ते हात असे तिखट की विचारू नका. शिवणकारखान्याच्या मालकाला ती हातांनी सुनवायची, "एवढ्या पगारात तूच बस मशीनवर!" थोरली सांगायची, "पगाराचं जरा बघा, म्हणते." मालक खूश, नोकरी शाबूत. वेळ मारून न्यावी तर थोरलीनंच.

आज मात्र गाठ पोलीस चौकीशी होती. कारखान्याच्या म्हाताऱ्या रखवालदाराला चोरीच्या संशयावरून आत नेलं होतं; बाहेर आला तो हात मोडूनच. आत काय झालं ते त्यानं सांगितलं, तरी सगळ्या कारखान्यानं मूग गिळले. ही बया मात्र भर दुपारी चौकीसमोरच्या कट्ट्यावर चढली आणि झालं ते सगळं हातांनी सांगून मोकळी झाली. गर्दी जमली, कुणीतरी मोबाइलवर उतरवून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आणखी काय असतं?

तोच मोबाइल आता साहेबांच्या टेबलावर होता. ती काय बोलली हे चौकीत एकालाही कळलं नव्हतं, आणि कळल्याशिवाय गुन्हा लिहिता येईना. म्हणून धाकटीला चौकीत बसवून ठेवून थोरलीला बोलावणं धाडलं होतं.

"शब्दन् शब्द सांगायचा," साहेब म्हणाले. "पोलिसांची बदनामी केली असेल तर हिला आत टाकणार. नसेल तर घेऊन जा घरी."

थोरलीनं स्वतःला समजावलं, अगं, घाबरतेस कशाला? ह्यांना कळतंय काय? दोन वाक्यं खोटी बोलायची आणि बहिणीला घेऊन घर गाठायचं.

साहेबांनी मोबाइल सुरू केला.

"ती म्हणते, रखवालदारकाका पडले. हात मोडला. म्हातारपण वाईट."

"एवढे हात हलवून एवढंच?"

"वेंधळी आहे हो साहेब. एकच गोष्ट चारदा सांगते."

"आणि हे? भुवईवरून बोट ओढतेय ते?"

थोरलीची नजर दाराकडे गेली. दाराशी जो हवालदार उभा होता, त्याच्या भुवईवर आडवा व्रण होता.

"घाम पुसतेय. ऊन काय कमी होतं?"

हवालदारानं भुवई चोळली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बरं. म्हणजे तक्रार काही नाही."

सुटलो बाई! थोरलीनं श्वास सोडला न सोडला तोच टेबलावर थाडकन हात आपटला. धाकटीचा. ओठ वाचण्यात ती पटाईत, म्हणून अशी सारवासारव करताना थोरली नेहमी तिच्याकडे पाठ करायची. आज साहेबांनी दोघींना समोरासमोर बसवलं होतं, आणि भीतीपोटी थोरलीच्या ते लक्षातच राहिलं नाही.

धाकटीचे हात सावकाश चालू लागले. हे मला आत टाकतील तर टाकू देत, ताई. पण ह्यांना माझं बोलणं कळतच नव्हतं. मुकं मला तू केलंस. किती वर्षं करतेस हे?

थोरलीला रडू फुटलं. लाज वाटली, रागही आला; जिच्यासाठी एवढं करावं तिनंच असं बोलावं! पण बोलली ते खोटं नव्हतं.

"काय म्हणतेय?" साहेबांनी विचारलं.

"मी खोटं सांगितलं साहेब." थोरलीनं पदरानं तोंड पुसलं. "ती म्हणाली, काका पडले नाहीत. ह्याच चौकीत त्यांचा हात पिरगाळून मोडला. मोडणाऱ्याच्या भुवईवर व्रण आहे. आणि सगळं माहीत असून आम्ही गप्प, थू आमच्या जिण्यावर!"

हवालदार दोन पावलं पुढे आला. साहेबांनी त्याला नजरेनंच थांबवलं आणि एकदम गोडीत आले. "हे बघा बाई, तुम्ही नुसत्या दुभाषी. हे तिचं म्हणणं. तुमचं तर नाही ना?"

नुसतं 'नाही' म्हटलं की ती मोकळी होती. घरी पोरं वाट बघत होती. समोर धाकटी डोळ्याची पापणी न लववता तिच्या ओठांकडे बघत होती.

"माझंही आहे," थोरली म्हणाली. प्रत्येक शब्द ओठ नीट हलवून, धाकटीला दिसेल असा. "लिहा. दोघींचं."

साहेबांनी दुसरा कोरा कागद पुढे ओढला आणि तिला तिचं पूर्ण नाव विचारलं.