तिसरा पेड

शिरसमाळच्या माळावर चैत्र उतरतो तो पाऊल न वाजवता. आधी पांढरं ऊन, मग पिवळं ऊन, मग तांबूस ऊन. उन्हाच्या या घड्यांमधून केकताडाचे, म्हणजे घायपाताचे, तुरे उभे राहतात. भाल्यांसारखे सरळ, आकाशावर रोखलेले. केकताड जन्मात एकदाच फुलतं. फुलतं आणि मरतं. मागे ठेवतं आपल्या पात्यांतला वाख: शुभ्र, लांबसडक, दिसायला रेशीम आणि हाताला करवत.

त्या वाखाचा दोर होतो, आणि त्या दोरावर शिरसमाळच्या ख्रिस्तमंदिराची घंटा वाजते.

मंडळीची रीत जुनी आहे. उत्तम शुक्रवारची उपासना आटोपली की जुना दोर उतरवायचा. शनिवारी, प्रभू कबरेत निजलेला असताना, नवा वळायचा. रविवारी, पुनरुत्थानाच्या प्रभाती, ज्याने दोर वळला त्यानेच पहिला टोल द्यायचा आणि त्यानेच प्रभूची प्रार्थना सुरू करायची. पहिली हाक त्याची. मागून साऱ्या मंडळीची.

हा मान वैरागरांचा. आजा गेला, बाप गेला, भाऊ यंदा लकव्यानं अंथरुणाला खिळला. पीळ ओळखणारे हात आता गावात दोनच उरले, आणि ते दोन्ही सलोमीचे. अठ्ठावन्न वर्षांची, काटक, ताठ मानेची, विधवा सलोमी. केस वाखाइतके पांढरे, आणि बोलणं वाखाइतकंच कापणारं.

पण त्या प्रार्थनेतली पहिली हाक सलोमी मारत नाही. पन्नास वर्षं झाली, मारलेली नाही. सारी मंडळी 'बापा' म्हणते तेव्हा तिचे ओठ मिटलेले असतात. हाक ओसरली की मग ती मागून प्रार्थनेत शिरते, दाराबाहेर चपला काढून कुणी उशिरा यावं तशी.

"दोर वळीन," तिनं आढाव पाळकसाहेबांना सांगितलं होतं. "हाक मारणार नाही."

"सलोमीताई, देव बापासारखाच आहे हो. एवढं मनात धरा, की झालं."

"साहेब, म्हणूनच तर भ्या वाटतं."

पाळकसाहेब म्हणजे भला माणूस. पण भल्या माणसांना भल्या बापांची लेकरं असण्याची सवय असते. 'शेवटी बाप तो बाप' असं जे उठता बसता म्हणतात, त्यांच्या पाठी एकदा उघड्या करून बघाव्यात. गुळगुळीत असतात.

---

शनिवारची सकाळ. निःशब्द, निश्चल, निर्वात सकाळ. चिंचेच्या खोडाला लाकडी फिरकी बांधलेली, आणि तिच्यापासून थेट विहिरीच्या काठापर्यंत दोर वळायची वाट: सत्तर पावलं लांब, पिढ्यान्‌पिढ्या तुडवून गुळगुळीत झालेली, गवत न उगवणारी.

दोर एकट्यानं होत नाही. एकानं फिरकीची दांडी फिरवायची. दुसऱ्यानं कमरेला वाखाचा पुंजका बांधून, तंतूला तंतू जोडत, मागे मागे चालत जायचं. चालणारा लांब जातो, पण पाठ फिरवत नाही, तोंड फिरकीकडेच. आणि फिरकीचा पीळ त्या वाढत्या पेडातून, थरथरत, धावत, त्याच्या बोटांपर्यंत पोचतो. पीळ जातो. पीळ पोचतो.

लहानपणी फिरकी सलोमीकडे असायची, आणि मागे मागे जाणारा असायचा तिचा बाप, शमुवेल.

सारा दिवस तिनं बापाचं तोंड लांब जाताना पाहिलेलं. नऊ वर्षांचे हात. घामेजलेली दांडी. कधीतरी ती निसटायची. निसटली की फिरकी उलटी गरगरायची, घातलेला पीळ क्षणात उलगडायचा, ताणलेला पेड सैल पडून सापासारखी वेटोळी घ्यायचा. सकाळची मेहनत मातीत.

मग शमुवेल यायचा. धावत नाही, चालत. हातात ओला दोर घेऊन सत्तर पावलं चालत यायचा. पळायचं नाही, हे तिला माहीत होतं. उभं राहायचं आणि पावलं मोजायची. त्या सत्तर पावलांएवढी लांब वाट तिला पुढे आयुष्यात कुठंच भेटली नाही. सासरी जातानाही नाही, नवऱ्याला मूठमाती देऊन परततानाही नाही.

आणि दुसऱ्या दिवशी रविवार. त्याच हातानं शमुवेल घंटा वाजवायचा, आणि त्या कनवाळू नादाखाली मंडळी डोळे मिटून 'बापा' म्हणायची. तिच्या पाठीवरचे वळ झग्याखाली ठणकायचे. आकाशातही एक बसलाय म्हणतात. त्याच्याही हातात काय असेल, कुणी सांगावं.

---

आज फिरकीवर पात्रसमामा होते. शमुवेलचे दोस्त. ऐंशी उलटलेले, कापऱ्या हातांचे, डोळ्यांत मोतीबिंदूचं धुकं.

"दुसरं कोण नव्हतं व्हय गं?" फिरकीपाशी बसताना ते म्हणाले होते. "मला आणून बसवलंस. माझं हात बघ कसं नाचत्यात."

"नाचू द्या. फिरकीला नाचरंच लागतं."

"जिभेला धार कुठं लावतीस तेवढं सांग. माझा विळा बोथट झालाय."

पहिला पेड झाला. दुसरा झाला. सूर्य माथ्याकडे चढला. तिसऱ्या पेडाला सलोमी मागे मागे निघाली, तंतूला तंतू जोडत, आणि पीळ तिच्या बोटांत येत राहिला. म्हाताऱ्याच्या हाताचा कंप घेऊन, अडखळत, पण येत राहिला. आयुष्यात आज प्रथमच ती या टोकाला होती. पन्नास पावलं. साठ. चिंचेखालचा म्हातारा मुठीएवढा दिसू लागला. तिची टाच विहिरीच्या काठच्या दगडाला टेकली. सत्तर.

आणि पीळ थांबला.

थांबला, आणि उलटला. दांडी निसटून फिरकी गरगरली. तिच्या बोटांतून सकाळचं सारं बळ मागे ओढलं गेलं. तिसरा पेड सैल पडला, त्यानं वेटोळी घेतली, मातीत लोळला.

सलोमी बघत राहिली. मग तिच्या अंगात काहीतरी उठलं. तिचं नव्हतं ते, जुनं होतं, ओळखीचं होतं. विहिरीच्या दगडावर काल उतरवलेला जुना दोर पडला होता. तो केव्हा उचलला, तिला कळलं नाही. ती चालू लागली. धावत नाही, चालत.

एक पाऊल. दहा पावलं. वीस. ऊन तिच्या डोक्यावर पांढरंफटक उभं होतं आणि तिची सावली तिच्याच पायाखाली चिरडली जात होती. तिसाव्या पावलाला तिला कळलं, हे चालणं आपलं नाही. चाळिसाव्या पावलाला कळलं, हे कुणाचं आहे. पण पाय थांबेनात. पन्नास. साठ.

पात्रसमामा उठले नाहीत. धुक्याच्या डोळ्यांनी त्यांनी येणारी आकृती पाहिली, तिच्या हातातला दोर पाहिला, आणि ऐंशी वर्षांचा तो माणूस आपोआप खांदे आवळून बसला. नऊ वर्षांचं पोर बसावं तसा.

"सुटली गं," ते म्हणाले. "माझ्या हातनं सुटली."

मग, खाली बघत:

"मी तवा हितंच बसलेलो असायचो, सलोमी. ह्याच झाडाखाली. तो तुला झोडायचा आन मी बिडी वढायचो. उठलो न्हाई. कधीच उठलो न्हाई. आता तू दोन हाण. माझी ना न्हाई."

सत्तर.

माळ थांबला. चिंचेची पानं थांबली. वाखाचा एक तंतू हवेत तरंगत होता, तोही थांबल्यासारखा.

सलोमीच्या हातातून दोर खाली पडला. ती फिरकीपाशी उकिडवी बसली, म्हाताऱ्याचा कापरा हात आपल्या हातात घेतला, दांडीवर ठेवला, वरून आपली बोटं मिटली.

"सुटू द्या," ती म्हणाली. "पुन्हा घालू पीळ. मी आहे."

आणि स्वतःच्याच तोंडचे शब्द ऐकून ती दचकली.

हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं. याच जागी उभी राहून ती या वाक्याची वाट पाहायची, आणि प्रत्येक वेळी वाक्याऐवजी दोर यायचा. शमुवेलनं हे दिलेलं नव्हतं. आईनं भीतीपोटी दिलं नव्हतं. मंडळीनं लाजेपोटी दिलं नव्हतं. देणारं कुणीच नसताना ते तिच्या तोंडात कुठून आलं? कुणीतरी पेरल्याशिवाय का आलं? कुणीतरी, फार लांबून, पाठ न फिरवता, तंतूला तंतू जोडत तिच्याकडे तोंड करून उभा असल्याशिवाय? आणि ती गप्प असतानाही टोक हातातून न सोडता?

ती रडली नाही. वैरागरांच्या बायका रडत नाहीत, पदर खोचतात. तिनं पदर खोचला, वेटोळी सोडवली, आणि पुन्हा मागे मागे चालू लागली. तिसरा पेड दुपार कलता पुरा झाला. मग तिन्ही पेड एकत्र वळले गेले, आणि दोर असा उतरला की पात्रसमामांनी तो गालाला लावून पाहिला.

"उद्याला हाक मारशील?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही गप बसा. दोराला गाठ पाडाल."

---

पुनरुत्थानाची प्रभात. पूर्वेला केशर, केशरावर गुलाल, गुलालावर सोनं. केकताडाचे तुरे उजेडात न्हालेले. ख्रिस्तमंदिरात पांढऱ्या साड्या, धुवट टोप्या, मोगऱ्याचा वास. आणि छताच्या भोकातून खाली आलेला नवा, शुभ्र, तीन पेडांचा दोर.

शमुवेलला तिनं माफ केलं का? विचारू नका. ते तिचं तिला ठाऊक. त्याच्या वतीनं माफी मागायला येणाऱ्यांनी आधी सत्तर पावलं मोजून यावं.

सलोमीनं दोर धरला. वर पाहिलं. छतापलीकडे अंधार होता, घंटा दिसत नव्हती. तिनं दोर ओढला.

टोल पडला. माळभर पसरला, विहिरीत उतरला, थडग्यांवरून फिरला, विरत विरत गेला. मग शांतता. मंडळी डोळे मिटून थांबलेली. पाळकसाहेब तिच्याकडे न बघता थांबलेले. पहिल्या बाकावर पात्रसमामा, हात मांडीवर नाचत.

त्या शांततेत सलोमीला पावलं ऐकू आली. कुणीतरी चालत येत होतं. धावत नाही, चालत. लांबून, फार लांबून, गवत न उगवणाऱ्या त्या वाटेवरून. तिनं सवयीनं मोजायला घेतली, आणि मध्येच मोजायची सोडून दिली. खांदे आवळले नाहीत. येणाऱ्याच्या हाताकडे पाहिलं. हात उघडा होता, दोर नव्हता.

"बापा," सलोमी म्हणाली.

आणि वर, न दिसणाऱ्या अंधारात, विसावू पाहणारी घंटा पुन्हा एकदा हलली. तिचा कंप दोरातून उतरला, पेडापेडातून, पिळापिळातून उतरला, आणि थरथरत, थरथरत, तिच्या तळहातात येऊन निजला.