मिसरच्या राजाची अनसिंगमधली कबर

मित्रांनो, कंदील म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे गोठ्यात टांगलेला, काच काजळलेला, वाऱ्याने फडफडणारा एक बिचारा येतो. तो मी नव्हे. मी जादूचा कंदील आहे. आता जुना झालो, धुराड्याला गंज चढला, पण ऐन उमेदीत मी वाशीमपासून मंगरूळपीरपर्यंतच्या बाजारांत ताजमहाल उभा केला आहे, आणि तोही एका धोतराच्या पडद्यावर. गोठ्यातल्या कंदिलाला फार तर शेणाची पाटी दाखवता येते.

माझा जन्म वाशीमचा. गुलाम नबी नावाचे पत्र्याचे कारागीर होते. चाळण्या, नरसाळी, चिमण्या बनवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून माझे अंग घडवले. भिंग मात्र विलायती. ते कोण्या साहेबाच्या फुटक्या यंत्रातून मोडीत आले होते आणि आपल्या कुळाचा त्याला मोठा तोरा होता. पण पोटात वाशीमचा दिवा पेटल्याशिवाय आपल्याला काही दिसत नाही, हे त्याला पहिल्याच खेळात कळले. मग आमचे जमले.

माझे काम सोपे आहे. पोटात दिवा, त्याच्यापुढे रंगवलेली किंवा फोटो छापलेली काच, तिच्यापुढे भिंग. काच उलटी घातली की पडद्यावर चित्र सुलटे पडते. म्हणजे माझ्याकडे आलेला प्रत्येक राजा आधी डोक्यावर उभा राहिला आहे. मला त्याचे फार बरे वाटे.

मला गावोगाव नेई तो गुलाम नबींचा मुलगा मेहबूब. चित्र मी दाखवायचे आणि बोलायचे त्याने, अशी आमची वाटणी. माणूस बोलका, इतका की काचेवरचा हत्ती त्याच्या बोलण्यानेच सोंड हलवू लागे. त्याची एक रीत होती. समोर कोण बसले आहे ते पाहून तो चित्राला नाव देई. एकच नदीची काच, पण एका गावी ती काशीची गंगा, दुसऱ्या गावी पुरात आलेली पैनगंगा. पैनगंगा म्हटले की लोक जास्त खूश होत. ‘हा आपला घाट’ म्हणून बोटे दाखवत. कोणी कधी हरकत घेतली नाही.

मग सन पंचवीस-सव्वीसच्या सुमाराला मिसर देशाच्या, म्हणजे इजिप्तच्या, बातम्या आल्या. तिथे वाळूखाली सापडलेली एका राजाची कबर उघडली, सोन्याने भरलेली, अशी वर्तमानपत्रे ओरडू लागली. आधीही तिथे कितीतरी राजांची प्रेते निघाली होती, कापडात गुंडाळलेली, हजारो वर्षे न कुजलेली. कोणते प्रेत कोणत्या राजाचे, त्याला पेटीत ठेवून लोकांना दाखवावे की परत निजवावे, यावर मोठमोठे पंडित भांडत होते. मेहबूबने अकोल्याहून मिसरच्या काही जुन्या काचा आणल्या. एकीवर नुसती वाळू आणि खजुराची झाडे. दुसरीवर एक राजा, कापड सोडलेला, डोळे मिटलेला, ओठ सुकलेले. काचेच्या कडेची नावाची चिठ्ठी वाळवीने खाल्ली होती. हा कोणता राजा, ते आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

मेहबूबचे काही अडले नाही. शेलूबाजारच्या मोहल्ल्यात तो म्हणे, हा फिरऔन, मिसरचा जुलमी राजा, हजरत मूसांचा वैरी, दर्यात बुडालेला; त्याचे प्रेत खुदाने लोकांना धडा म्हणून राखले. शेतकऱ्यांच्या वस्तीत म्हणे, हा ऐन तारुण्यात गेलेला सोन्याचा राजा. दोन्हीकडे लोक श्वास रोखून बघत. खरे सांगतो, इतकी गर्दी मला ताजमहालानेही दिली नव्हती. दिवसभर मेहबूब माझे भिंग पुसत असे.

अनसिंगला बाजाराच्या दिवशी रामराव पाटलांच्या कापसाच्या गोदामात आमचा खेळ ठरला. कापूस विकून गोदाम मोकळे झाले होते. दिवेलागणीला दारे लावली. त्या दिवशी गुलाम नबीही सोबत आले होते, आपण घडवलेला कंदील काय दिवे लावतो ते पाहायला. सगळ्यांत पुढे कस्तुराबाई बसली होती. तिचा लेक जगदेव सन चौदाच्या मोठ्या लढाईत पलटणीची खेचरे हाकायला मिसरला गेला आणि तापाने तिथेच गेला. त्याला तिथेच पुरले, एवढे सरकारी माणसाने येऊन सांगितले होते. मेहबूब मिसर दाखवतो हे ऐकून ती आली होती. लेक जिथे निजला ती जमीन तिला एकदा बघायची होती.

पण मेहबूबने वाळूच्या आधी राजाच घातला. “पाहा लोकहो, सोन्याचा राजा, मिशीही फुटली नव्हती!”

मागून अन्सार बोलला. हा शेलूबाजारचा बांगडीवाला, सगळे बाजार फिरणारा. “काहून रे मेहबूब, मांगच्या बाजारी तं तू याले फिरऔन म्हनत होता.”

गोदामात हशा पिकला. मेहबूब माझ्या आडोशाला सरकला. मग वाद पेटला. गुलाम नबी उठून उभे राहिले. ते म्हणाले, “फिरऔन असन तं त्याले खुदानं निशानी म्हनून राखला. पाहू द्या लोकायले. पन फिरऔन नसन तं तो कोनाचा तरी मय्यत हाय. मंग त्याचं तोंड झाका.”

“कोनीही असो,” रामराव पाटील म्हणाले, “अग्नी देल्याबिगर जीव अडकून राह्यते. जाळा त्याले.”

“काच जळते काय, पाटील?” अन्सार म्हणाला, आणि पुन्हा हसू फुटले.

तेवढ्यात कस्तुराबाई उठली आणि पडद्यापाशी गेली. माझा उजेड तिच्यावर पडला. राजाचे मिटलेले डोळे तिच्या पाठीवर, तिच्या लुगड्याच्या निळ्या सुतावर आले. मी पुष्कळ ठिकाणी चित्रे पाडली आहेत, पण असे चित्र माझ्याकडून कधी पडले नव्हते.

ती वळून म्हणाली, “मेहबूब, हा मिसरातलाच काय?”

“हो, मावशी.”

“मातीत निजवला होता, आन् उकरून काढला?”

मेहबूबने होकारार्थी मान हलवली.

“माहा जगदेवही तिथीच हाय. त्यालेही असंच काढतीन काय? गावोगाव दाखवतीन काय?”

मित्रांनो, त्या बाईला इतकी वर्षे एकच आधार होता, की लेक दूर का होईना, निवांत पडला आहे. आमच्या काचेने तो आधार हलवला होता. मला फार वाईट वाटले. पण उजेड पाडणाऱ्याला डोळे मिटता येत नाहीत.

“खरं सांग,” ती म्हणाली, “कोन हाय हा?”

मेहबूब माझ्या आडोशातून पुढे आला. “मले माहीत नाई, मावशी. काचीवर नाव नाई. समोरचे लोक पाहून मी त्याले नाव देतो.”

“नाव नाई म्हंजे कोनाचा नाई, असं असते काय? त्यालेही माय असनच ना.”

गुलाम नबींनी लेकाकडे पाहिले. मग स्वतःच पुढे येऊन माझ्यातली काच काढली आणि खांद्यावरच्या रुमालात गुंडाळली. “याले परत मातीत निजवू,” ते म्हणाले. कोणी त्यांना अडवले नाही. मेहबूबनेही नाही, आणि सारी गर्दी त्या एका काचेवर होती हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते?

गोदामामागे काळी माती होती. रामराव पाटलांनी कुदळ मागवली आणि खड्डा स्वतः केला. जाळायचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. बाहेर अंधारून आले होते, म्हणून मेहबूबने मला उचलून बाहेर आणले. माझ्यात आता एकही काच नव्हती. माझा उजेड नुसता पांढरा, गोल, खड्ड्याच्या तोंडावर पडला.

गुलाम नबींनी रुमालातली काच खाली ठेवली आणि आपल्या रिवाजाप्रमाणे तीनदा ओंजळीने माती टाकली. अन्सारने टाकली, पाटलांनी टाकली. शेवटी कस्तुराबाई खाली बसली. तिने मूठभर माती घेतली.

“जगदेवाले मी माती देली नव्हती,” ती म्हणाली. मग मूठ उघडली.

त्यानंतर बाजारात लोक विचारत, राजा कुठे गेला? मेहबूब म्हणे, “अनसिंगले हाय तो. कस्तुरामावशीच्या घरचा झाला.” गर्दी थोडी रोडावली, पण मेहबूबची जीभ शाबूत होती आणि माझा उजेडही. आमचे छान चालले. नदीला मात्र तो नदीच म्हणू लागला.

आज मी माळ्यावर आहे. मित्रांनो, मला खाली काढा. भिंग मऊ फडक्याने पुसा, वातीला तेल द्या. मी अजून हत्ती दाखवीन, ताजमहाल दाखवीन, त्यात मी कोणाला हार जाणार नाही. फक्त कोणाचे मेलेले तोंड माझ्यात घालण्याआधी एकदा विचारा, की त्याची माय समोर बसली असती तर मी हे दाखवले असते का? ज्याला कोणी निजवले आहे, त्याची झोप सांभाळा.

ती काच पुरली त्याच्या पुढच्या साली अनसिंगच्या खेळाला कस्तुराबाई पुन्हा आली, पुन्हा सगळ्यांत पुढे बसली. मेहबूबने वाळूची काच घातली आणि तो पहिल्यांदाच काही बोलला नाही. वाळू, खजूर आणि वर मोकळे आभाळ. तिने मान वर करून नीट पाहिले.

“जाऊ दे पुढं, मेहबूब,” ती म्हणाली. “निजला हाय तो.”